पिवळ्या गाडीचा भाव

सोनगीर,
रविवार, २५ मे २०२५

चि. समाधानभाऊंना वहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. ऊन मरणाचं आहे. आईंचे गुडघे दुखतात ते दुखतातच. आमच्या पोरीची, डिंपलची, धुळ्याच्या कॉलेजातली परीक्षा संपली आणि आता ती दिवसभर पंख्याखाली फोन घेऊन पडलेली असते. तुम्ही कसे आहात हे विचारायची सोय नाही, कारण तुम्ही आमच्या तिघांचेही फोन ब्लॉक करून ठेवले आहेत. पोस्टमनला अजून कोणाला ब्लॉक करता आलेलं नाही, म्हणून हा कागद. पुण्याचा पत्ता तुमच्या जुन्या पार्सलच्या खोक्यावरून घेतला. तो चुकीचा असला तर ज्याच्या हाती पत्र पडेल त्याची फुकटात करमणूक होईल.

विषय एकच आहे, तुमची गाडी. तुम्हाला बोलावणं करायला मी बसलेली नाही. रडगाणंही गाणार नाही. गाडीचं काय करायचं ते सांगा, एवढंच विचारायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात कानबाई मातेच्या सणाच्या दिवशी तुम्ही ती पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट लागलेली जर्मन गाडी घेऊन आलात. हायवेत गेलेल्या जमिनीचे तुमच्या वाटचे पैसे तिच्यात घातले होते. चौतीस लाख, आणि तेही दुसऱ्याने वापरलेल्या गाडीला. आपल्या जुन्या गाड्यांच्या कार बाजाराच्या फाटकाशी स्पीडब्रेकरवर तिचं पोट असं काही खरवडलं, की पंगतीतले भाऊबंद हात न धुताच बाहेर आले. तिथून जे सुरू झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्ही म्हणालात, असलं इंजिन आता कोणी बनवणार नाही, पुढे सगळ्या गाड्या बॅटरीवर येतील, तेव्हा हिला किंमत येईल, हे जळगावचं सोनं आहे. तुमचे थोरले बंधू नाना म्हणाले, सोनं कसलं, जळगावची केळी आहे, घड कापला त्या दिवसापासून भाव उतरायला लागतो. लोक हसले. ते हसले नसते तर पुढचं काही झालंच नसतं असं मला अजून वाटतं. मग नानांच्या तोंडून, बापाची जमीन या पत्र्यात घातलीस, असा आबांच्या जमिनीचा शब्द निघाला, तुम्ही किल्ली पंगतीत फेकलीत आणि म्हणालात, "भाव टिकना ते येसू. नही ते नही." आणि चौतीस लाखांची गाडी दारात सोडून एसटीने गेलात. निघताना तुमच्या ताटात खीर तशीच होती.

तेव्हापासून ती गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे आणि माझा जीव खाते आहे. जिथे पूर्वी तीन गाड्या उभ्या राहायच्या तिथे ही एकटी पसरली आहे. गावात तिला बेडूक म्हणतात. किल्ला बघायला येणारी पोरं किल्ला राहू देतात आणि हिच्याजवळ फोटो काढतात. मागच्या महिन्यात अमळनेरचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं, सोबत आठ माणसं. चहा मी केला.

आणि तुमचे नाना. माझे मालक असले तरी आज त्यांना तुमचे नाना म्हणते, म्हणजे तक्रार योग्य जागी पोचेल. रोज जेवताना हा माणूस भाव पडल्याचं सांगतो. "भाव पडी ऱ्हायना. इकी टाकनी पाहिजे." बरं, म्हणते मी, विका. किल्ली आहे, कागद आहेत, तुम्ही जाताना मालकी बदलायचे सही केलेले फॉर्मसुद्धा गाडीच्या खणात ठेवून गेलात. पण गिऱ्हाईक दारात आलं की यांना काय होतं कोण जाणे. ज्या माणसाने पुरात बुडून निघालेली व्हॅन हार घालून, "एकट्या डॉक्टरनी वापरलेली" म्हणून विकली आहे, तो या गाडीच्या गिऱ्हाइकाला बसवून दोष सांगतो. पोट खरवडलेलं आहे, पार्ट मिळत नाहीत, आपल्या रस्त्यांची नाही, तुमची कंबर जाईल. नाशिकचा एक माणूस पैसे घेऊन आला होता. त्याला नानांनी एवढं घाबरवलं की जाताना तो आपल्याकडची साधी चारदारी घेऊन गेला.

बॅटरी मरू नये म्हणून दर रविवारी ते गाडी सुरू करतात. रस्त्यावर काढत नाहीत, नुसते आत बसतात, काचा बंद. बाहेरून हाका मारल्या तर ऐकू येत नाही म्हणतात. जेवण गार होतं. मी विचारलं, आत बसून करता काय? तर म्हणाले, इंजिन ऐकतो. आई ओट्यावरून ओरडतात, "गाडी ते आठे उभी शे. मना पोर्या कोठे शे?" तो विषय मी काढणार नव्हते, पण निघाला.

तेव्हा दोन ओळी लिहा. विकायची की ठेवायची? विकायची असेल तर नानांना न विचारता मी विकते. तुम्ही चौथीत असताना मी या घरात आले, आणि त्या नाक पुसता न येणाऱ्या पोराला अहो-जाहो करायला आईंनी मला लावलं. आजवर केलं. त्याच्या बदल्यात दोन ओळी मागायला हरकत नसावी.

जागा अडवून बसलेल्या गाडीची राखणदार,
तुमची वहिनी सारिका


सोनगीर,
रविवार, २७ जुलै २०२५

चि. समाधानभाऊ, आशीर्वाद.

तुमचं पाकीट मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी पिठाच्या हातांनी धावले. आई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या, आधाराशिवाय. पाकीट फोडलं तर आत दोन छापील पानं. इंग्रजीत. आलेख. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे भाव कुठल्या साली किती होते आणि पुढे कसे राहतील याची लाल रेघ, निळी रेघ. खाली ना सही, ना "कळावे". मी पानं उलटी करून पाहिली, पाकीट झटकून पाहिलं. इतकं शिकून माणसाने घरी काय पाठवावं, तर रेघा!

आता पुढचं ऐका, आणि रागावायचं तर रागवा. आईंनी विचारलं, "काय लिखेल शे?" त्यांचे डोळे तुम्हाला माहीत आहेत, आणि इंग्रजी तर मलाही धड येत नाही. माझ्या हातात तो आलेख होता. मी वाचून दाखवलं. आई, मी बरा आहे, जेवण वेळेवर करतो, गुडघ्यांना तेल लाव, कानबाईला येतो. असं सगळं मी त्या लाल रेघेवर बोट फिरवत वाचलं. आईंनी ते पान घडी घालून आपल्या कंबरेच्या पिशवीत ठेवलं आहे. शेजारच्या भिकुबाईंना दाखवतात. भिकुबाई शाळेत गेलेल्या नाहीत, म्हणून निभावतंय.

नानांनी दुसरं पान पाहिलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ही रेघ विलायतेतली आहे, सोनगीरची नाही. मग पान ठेवून दिलं. कुठे ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की बाहेरच्या काही गाड्यांवरचा कर कमी होणार आहे. तो पेपर माझ्यासमोर आपटून म्हणाले, नव्या स्वस्त झाल्यावर जुनीला कोण विचारेल? जसं काही तो कर मीच कमी केला. तुम्हा दोघांचं भांडण एकमेकांत कधी होतच नाही, होतं ते माझ्या स्वयंपाकघरात. तुम्ही तिकडून रेघा पाठवता, ते इकडून पेपर आपटतात, आणि मधे माझी आमटी उतू जाते.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. मागच्या आठवड्यात असोद्याचा एक केळीवाल्याचा मुलगा आला. लग्न ठरलं आहे, मंडपात पिवळ्या गाडीतून यायचं आहे. गाडी बघताक्षणी फोन काढून स्वतःचाच व्हिडिओ घ्यायला लागला. सोबत दलाल म्हणून निंबा होता, आबांच्या बैलबाजारातल्या वेळचा, तोच, तुम्हाला पेरू द्यायचा तो. मुलगा सरळ म्हणाला, तीस देतो. आज, आत्ता. मी दारात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. डिंपलने आतून फोन नाचवत सांगितलं की मुंबईत अशीच गाडी सत्तावीसला पडून आहे.

आता बोलायचं काय राहिलं होतं? पण नाना म्हणाले, सौदा रुमालाखाली होईल. आबांची पद्धत. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, चारचौघांत कोणाची किंमत उघडी पडत नाही. पण बैल होता तो, भाऊ! तो मुलगा बिचारा बघतच राहिला. त्याला वाटलं काही जादूचा खेळ आहे, त्याने त्याचाही व्हिडिओ घेतला. निंबाने त्याच्या वतीने हात पुढे केला. नानांनी खांद्यावरचा रुमाल टाकला. दोघं बसले. खूप वेळ बसले. निंबाचं तोंड आधी हसरं होतं, मग त्याने मान खाली घातली. शेवटी त्याने हात काढून घेतला, मुलाला म्हणाला, "चाल दादा, जमनार नही," आणि माझ्याकडे न बघता गेला.

किती मागितले म्हणून विचारलं तर नाना म्हणाले, भाव जमला नाही. तिसाला नाही जमला! रोज भाव पडतो म्हणून जेवताना माझं डोकं खाणाऱ्या माणसाला तीस कमी वाटले. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या रविवारी, तीन तारखेला, कानबाई बसते आहे. तुम्हाला रोटाचा नियम ठाऊक आहे, तरी लिहिते. पुण्यात राहून विसरला असाल. भाऊबंदांत जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू, आणि ज्याची मूठ त्यानेच घालायची. त्याच पिठाचे जाडजूड पोळ्यांसारखे रोट, आणि पौर्णिमेच्या आत ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. त्या वर्षी तुम्ही गहू मोजून झाल्यावर आलात, तेव्हापासून दोन वर्षं तुमची मूठ आईंनी घातली. सगळ्यांनी पाहिलं आणि म्हातारीकडे बघून चालवून घेतलं. पण परवा धुरपदाकाकू येऊन बसल्या. भाऊबंदांत आता त्याच थोरल्या. चहाचा कप खाली ठेवून आईंना म्हणाल्या, "तानुबाई, दोन साल तू घाली त्यानी मूठ. तिसरा साल नही. जो येस नही, त्याना रोट आलग."

रोट वेगळा झाला म्हणजे माणूस घरातून वेगळा झाला, हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीची वाटणी झाली, पैशांची झाली, आईंनी हूं की चूं केलं नाही. हे ऐकून मात्र त्यांचा हात कंबरेच्या पिशवीवर गेला. म्हणाल्या, "येई तो. कागद शे मनाजोळे." तुमचा तो आलेख.

मी बोलावणार नव्हते. बोलावते. या. भाव टिकला तर येईन म्हणालात. टिकला की पडला ते कोण ठरवणार? टिकला तर नाना तोंडाने कबूल करायचे नाहीत, पडला तर तुम्ही लाजेने यायचे नाहीत. म्हणजे काहीही झालं तरी म्हातारीने एसटीच मोजायच्या. एका गाडीच्या भावावर घर टांगून ठेवायला तुम्हा दोघांना काही वाटत नाही का?

शनिवारी संध्याकाळी गहू मोजायचे आहेत. त्याच्या आत या.

दोन शहाण्यांच्या मधे सापडलेली,
तुमची वहिनी सारिका


सोनगीर,
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

समाधानभाऊ,

आशीर्वाद लिहायचा राहिला, तो शेवटी घ्या.

तुम्ही आला नाहीत. पत्र मिळालं नसेल असं मी आईंना सांगितलं. मिळालं होतं. पोस्टाच्या वेबसाइटवर डिंपलने पाहिलं, गुरुवारी तुमच्या सहीने घेतलं आहे.

शनिवारी आई सकाळपासून कार बाजाराच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. धुळ्याकडून येणारी प्रत्येक गाडी थांबली की उठायच्या. दुपारी पाऊस आला, तरी आत यायला तयार नाहीत. शेवटी नानांनी शेडमधून त्या पिवळ्या गाडीवरचं मेणकापड ओढून आणलं आणि त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. दोघंही रस्त्याकडे बघत होते. मी घरातून बघत होते. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की समोर असतात तर कानाखाली वाजवली असती, अहो-जाहो करतच.

त्याच दुपारी निंबा आला, भिजत. माझ्याकडे आला, नानांकडे नाही. म्हणाला, त्या दिवशीपासून पोटात ठेवलं आहे, आता सांगतो. मी म्हटलं, किती मागितले होते रुमालाखाली? चाळीस?

तो म्हणाला, "वहिनी, नानानी बोट दाबंच नही. नुसता हात धरी बठना. मी दाबू, तो गप. हात सोडे बी नही. म्हनून मी उठनू."

मी पीठ चाळत होते. चाळणी तशीच हातात राहिली. दोन वर्षं या माणसाशी मी भांडते आहे. विका म्हणते, जागा अडली म्हणते. दर रविवारी बंद काचांमागे बसतात म्हणून चेष्टा करते, भिकुबाईंनाही हसवते. गाडी दारात आहे तोवर तुम्हाला कधीतरी यावं लागेल, एवढा एकच हिशोब होता त्यांचा. गाडी गेली की तुमचं इथे काय उरलं? हे त्यांना कोणाला सांगता येत नव्हतं, मलासुद्धा नाही, म्हणून ते रोज भाव पडला, भाव पडला करत होते. मला हे आधी कळायला हवं होतं. तुम्हालाही.

आणि ज्या भावावरून हे सगळं झालं, त्याचंही ऐका. डिंपलने शनिवारी दुपारी पुन्हा पाहिलं. ती मुंबईची सत्तावीसची गाडी चोवीसला गेली. असोद्याच्या मुलानेही जळगावातून दुसरी घेतली, याहून नवी, अठ्ठावीसला. तुमची लाल रेघ काहीही म्हणो, इथे भाव पडला आहे. जे ते दोन वर्षं म्हणत होते ते खरं निघालं. डिंपलने ते पप्पांना सांगितलं तेव्हा मी समोर होते. मला वाटलं आता हा माणूस पेपर आपटणार, गावभर सांगणार. ते म्हणाले, "कोनले सांगू नको." फोन तिच्या हातात परत दिला आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळी भाऊबंद जमले. ओसरीवर सूप, गव्हाची रास. भाऊबंदांतल्या पुरुषांनी एकेक करून आपली मूठ घातली. नानांनीही घातली. मग आईंनी तुमच्यासाठी हात पुढे केला आणि धुरपदाकाकूंनी तो धरला. जोरात नाही, पण धरला. म्हणाल्या, ठरलं होतं. आईंनी हात सोडवून घेतला नाही, मागेही घेतला नाही, तसाच राशीवर ठेवला.

तुमचे नाना उठले. दोन वर्षांत त्यांनी तुमचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तिथे उभे राहून म्हणाले, "भाव टिकेल शे."

सगळे बघायला लागले. धंद्यातले दोघेतिघे होते, त्यांना खरं माहीत होतं. नाना म्हणाले, "गाडीना भाव टिकेल शे. समाधान बराबर व्हता. मी चुकनू."

धुरपदाकाकू म्हणाल्या, "भावनं आठे काय काम, छगन?"

"त्यानं सांगेल व्हतं, भाव टिकना ते येसू. टिकना. म्हनजे तो येई. तो निंघेल शे असं समजा. रस्त्यामा शे. रस्त्यामा जो शे, त्यानी मूठ मायनी घाली ते चाले."

मी या माणसाला हजार खोटं बोलताना पाहिलं आहे. किलोमीटरचं, पत्र्याच्या रंगाचं, त्या व्हॅनच्या डॉक्टरचं. कधी पापणी हलली नाही. त्या दिवशी मात्र कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. धंद्यातली ती माणसं खाली बघत होती. त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही, याबद्दल मी त्यांना जन्मभर मान देईन. भर पंगतीत ज्यांच्यासमोर तुमचं हसं झालं, त्याच माणसांसमोर, स्वतः बरोबर असताना, त्यांनी सांगितलं की मी चुकलो.

धुरपदाकाकू मोठ्या आहेत, पण दगड नाहीत. आईंचा हात सोडून म्हणाल्या, "घाल. पन पौर्णिमाना आत त्यानी त्याना रोट सोता खावा. नही खाया ते मंग मी कोनं ऐकाव नही."

आईंनी मूठ घातली, वर पाव. गहू थोडे सांडले, ते एकेक वेचून सुपात टाकले.

रविवारी कानबाई बसली, काल वाजतगाजत नदीवर नेली. रोट झाले, गंगाफळाची भाजी, खीर, सगळं झालं. आम्ही आपापले खाल्ले. तुमचे ठेवले आहेत. पावसाळी हवा आहे, मी रोज पाहते, अजून चांगले आहेत. पौर्णिमा शनिवारी आहे. हे पत्र गुरुवारी मिळेल. गुरुवारी रात्री पुण्याहून धुळ्याची गाडी पकडलीत तर शुक्रवारी सकाळी इथे. रजा मिळत नसेल तर नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, पण आजारी पडा. तुम्ही शाळेत असताना पोट दुखतं म्हणून किती वेळा सांगितलंत, मी किती वेळा चिठ्ठी लिहून दिली. अजूनही देईन.

नानांना या पत्राचं माहीत नाही. खरा भाव तुम्हाला सांगितला हे कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि यावेळी ते मला कळेलही. तरी सांगितला. तुम्ही घरात याल ते जिंकलो असं समजून येऊ नये, म्हणून सांगितला. तुम्ही हरला आहात. तुमच्या थोरल्या भावाने ते झाकलं आहे.

आलात की आधी आईंकडे जा. त्यांच्या पिशवीतलं पान मागू नका, ते त्यांचं आहे. मग हात धुऊन पाटावर बसा. नाना बाहेर गाडीपाशी असतील, उगाच काहीतरी पुसत. त्यांना आत मी बोलावीन. ते तुमच्याकडे बघणार नाहीत. ताटाकडे बघून म्हणतील, भाव टिकला आहे.

तुम्ही हो म्हणा.

आशीर्वाद आहेतच. यापुढे दोघांचाही निरोप न पोचवणारी,

तुमची वहिनी
सारिका